स्थलांतरितांविरुद्धचे बोलणे कुठपर्यंत ऐकून घ्यावे?

आडवाट (प्रश्न)

आम्ही काही जण मिळून एक चर्चामंडळ चालवतो. दर महिन्याला एखादा सार्वजनिक प्रश्न घ्यायचा, दोघांनी त्याच्या दोन बाजू मांडायच्या आणि मग इतरांनी बोलायचे, एवढीच त्याची रीत आहे. सभासदांत पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असलेले लोक आहेत, तसेच परदेशांतून येऊन स्थायिक झालेलेही आहेत. मागच्या बैठकीत सरकारी घरांच्या वाटपावर चर्चा होती. एका ज्येष्ठ सभासदांनी असे मत मांडले की, घरे मोजकी असताना अनेक वर्षे कर भरलेल्यांना अग्रक्रम मिळाला पाहिजे. त्यावर खडाजंगी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र बोलता बोलता त्यांचा तोल गेला आणि ते म्हणाले की, मुळात ही बाहेरून आलेली माणसे इथे असताच कामा नयेत, त्यांनी रोगराई आणि गुन्हेगारी यांखेरीज काही आणलेले नाही. दुसरी बाजू मांडण्याचे काम ज्या तरुण सभासदाकडे होते, तिचे आईवडील निर्वासित म्हणून आलेले आहेत. तिने मांडीवरचे टिपणांचे कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि पाळी आल्यावर ‘मला काही बोलायचे नाही’ एवढेच म्हणाली.

यावरून कार्यकारिणीत तट पडले आहेत. त्या ज्येष्ठ सभासदांना काढून टाकावे, असे काहींचे म्हणणे आहे. नावडते ऐकून घेणे यालाच सहिष्णुता म्हणतात आणि आज त्यांचे तोंड बंद केले तर उद्या कोणाचेही करता येईल, असे इतर काही जण म्हणतात. स्थलांतर हा विषयच वर्ज्य करावा, अशीही एक सूचना आली आहे; ती मला सर्वांत भित्री वाटते. मला विचारायचे आहे ते असे की, वैविध्य असलेल्या समाजात अशा बोलण्याची मर्यादा नेमकी कशावरून ठरवावी? ऐकणाऱ्याला लागले यावरून, की आणखी कशावरून?

तळटीप

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत आणि ते वेगळे केल्याखेरीज उत्तर सापडणार नाही. कोणत्या बोलण्याबद्दल शासनाने शिक्षा करावी, हा एक. आणि कोणते बोलणे एखाद्या सभेने चालवून घ्यावे, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नावर लोकशाही देशांतही एकमत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ब्रँडनबर्ग खटल्यात असा दंडक घालून दिला की, तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याच्या हेतूने केलेली आणि तसे कृत्य खरोखर घडण्याचा संभव असलेली चिथावणी तेवढीच शिक्षापात्र ठरते. तो खटला गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्या कु क्लक्स क्लॅन या संघटनेच्या पुढाऱ्यावर होता आणि त्याची शिक्षा रद्द झाली. जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम १३० मात्र एखाद्या लोकसमूहाविरुद्ध द्वेष भडकवणे हाच गुन्हा मानते, आणि ज्यूंच्या वंशसंहाराचा इन्कार करणे हा तिथे १९९४ पासून स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात तर ही ओढाताण शेजारी शेजारी दिसते. कलम १९ अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते आणि कलम २० भेदभाव, वैर किंवा हिंसा यांना चिथावणी देणाऱ्या राष्ट्रीय, वांशिक व धार्मिक द्वेषाच्या प्रचाराला कायद्याने मनाई करायला सांगते. अमेरिकेने या कराराला मान्यता दिली ती कलम २० बद्दल आपला अपवाद नोंदवूनच.

या दोन कलमांची सांगड कशी घालावी, यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या पुढाकाराने २०१२ साली मोरोक्कोतील राबात येथे सहा कसोट्या ठरल्या: बोलण्याचा संदर्भ, वक्त्याचे समाजातील स्थान, त्याचा हेतू, बोलण्याचा आशय आणि रूप, त्याचा प्रसार, आणि त्यातून हानी होण्याचा संभव. मला या कसोट्या आवडतात, कारण त्यांत एकट्या शब्दांवरून निवाडा होत नाही. तेच वाक्य मंत्र्याने निवडणुकीच्या सभेत उच्चारणे आणि एका सभासदाने वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत उच्चारणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुमच्या खोलीत पोलिसांचे काही काम नाही, हे उघड आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. ऐकणाऱ्याला लागले की नाही, ही कसोटी निरुपयोगी आहे, कारण घरांच्या अग्रक्रमाचा मुद्दाही तिला लागू शकतो आणि तरीही तो बोलला गेलाच पाहिजे. बोलल्यानंतर समोरच्याला काय करता येते, हे पाहावे. अग्रक्रमाच्या मुद्द्याला आकडेवारीने, न्यायाच्या कल्पनेने, अनुभवाने उत्तर देता येते. ‘ही माणसे इथे असताच कामा नयेत’ याला उत्तर द्यायचे तर त्या मुलीला आधी खोलीत बसण्याचा स्वतःचा हक्क सिद्ध करावा लागेल, आणि तो तर मंडळाने सभासदत्व देताना मान्य केलेला आहे. पहिल्या वाक्याने वाद सुरू होतो. दुसऱ्या वाक्याने वादातला एक पक्षच बाद होतो. म्हणून अध्यक्षांनी तिथेच थांबवायला हवे होते, आणि ते थांबवणे म्हणजे मुस्कटदाबी नव्हे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. अशा वेळी तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा दाखला हमखास दिला जातो की, असहिष्णूंना सहन करू नका. त्यांच्या १९४५ च्या ग्रंथातील ती एक टीप आहे आणि ती पुरती वाचणारे थोडे. जोवर युक्तिवादाने व लोकमताने अशा विचारांना आवर घालता येतो, तोवर त्यांच्यावर बंदी घालणे शहाणपणाचे नाही, असे त्याच टिपेत म्हटलेले आहे. युक्तिवादच नाकारून ठोशांनी उत्तर द्यायला शिकवणाऱ्यांसाठी त्यांनी बंदीचा अधिकार राखून ठेवला आहे. हे लिहिणारा गृहस्थ स्वतः १९३७ साली व्हिएन्ना सोडून न्यूझीलंडला गेलेला स्थलांतरित होता.

उलटतपासणी

तळटीप यांची मांडणी रेखीव आहे आणि म्हणूनच तिची मला धास्ती वाटते. ‘वादातला पक्ष बाद करणारे वाक्य’ कोणते, हे ठरवणार कोण? आज तुमचे समंजस अध्यक्ष ठरवतील. उद्या त्या खुर्चीत तेच ज्येष्ठ सभासद बसले तर?

इतिहास असे सांगतो की, द्वेष रोखण्यासाठी केलेले कायदे दुबळ्यांवरही उलटतात. ब्रिटनने १९६५ साली वंशसंबंध कायदा केला आणि त्यात वांशिक द्वेष भडकवण्याला शिक्षा ठेवली. स्थलांतरितांना संरक्षण मिळावे, हा त्यामागचा उद्देश होता. त्याच कायद्याखाली १९६७ साली तुरुंगात गेला तो ‘मायकेल एक्स’ या नावाने ओळखला जाणारा कृष्णवर्णीय चळवळीतला नेता, जो स्वतः त्रिनिदादहून आलेला होता. उलट १९६८ च्या एप्रिलमध्ये विरोधी पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले तेव्हा त्यांच्यावर खटला झालाच नाही. त्यांच्याच पक्षाच्या नेत्याने त्यांना दुसऱ्या दिवशी छाया मंत्रिमंडळातून काढले. काही दिवसांतच गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून आले. एवढे जनमत पाठीशी असलेल्या माणसाला तुरुंगात टाकून काय साधले असते, याचा विचार करून पाहावा.

वायमार जर्मनीत, म्हणजे हिटलरपूर्वीच्या जर्मन प्रजासत्ताकात, मोकळीक होती म्हणून नाझी वाढले, असे मानण्याची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात तिथे कायदे होते आणि ते वापरलेही जात होते. ज्यूद्वेष्टा संपादक युलियस स्ट्रायशर याला अनेकदा न्यायालयात खेचले गेले, शिक्षाही झाल्या. त्या खटल्यांतून त्याला फुकटची प्रसिद्धी मिळाली.

आणि स्कोकी? अमेरिकेतील या गावात छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत होते. १९७७ साली एका नाझी गटाला नेमका तिथेच मोर्चा काढायचा होता. त्यांच्या हक्कासाठी जी नागरी स्वातंत्र्य संघटना न्यायालयात उभी राहिली, तिचे तेव्हाचे प्रमुख आर्ये नायर हे बालपणी नाझी जर्मनीतून निसटलेले होते. संघटनेचे हजारो सदस्य रागावून सोडून गेले. खटला जिंकला गेला, पण त्या गावात मोर्चा अखेर निघालाच नाही. नायर यांना नाझींविषयी कळवळा होता, असे कोणी म्हणेल का? सत्तेला बोलण्यावर लगाम घालण्याची सवय लागली की तिचा फटका आधी अल्पसंख्यांना बसतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्या सभासदांना काढू नका. रोगराई आणि गुन्हेगारीबद्दल त्यांनी जे विधान केले, त्याचा पुरावा सर्वांसमक्ष मागा. माणूस बाहेर गेला की त्याचे म्हणणे बाहेर जात नाही. ते अशा ठिकाणी जाते जिथे त्याला कोणी पुरावा विचारत नाही.

परदेशस्थ

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. दोघांनीही खुर्चीत बसलेल्याच्या बाजूने विचार केला आहे. मी पिशवीत कागद ठेवणाऱ्याच्या बाजूने लिहिते. मी दुसऱ्या देशात जाऊन स्थायिक झाले आहे.

तोंडावर केलेला अपमान माझ्या वाट्याला फारसा आला नाही. जास्त वेळा आली ती मेहेरबानी. मुलांच्या शाळेतील पालकसभेत माझी पाळी आली की सूत्रसंचालक एकेक शब्द तोडून, आवाज चढवून प्रश्न विचारत असत, जणू मी बहिरी आहे. मी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याइतक्याच वेगाने उत्तर देत असे. पुढचा प्रश्न पुन्हा तसाच, तोडून तोडून. आपण या बाईंना सांभाळून घेत आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते. अशा सहिष्णुतेत मी कायमची पाहुणी राहते, आणि पाहुण्याने तक्रार करायची नसते. त्या मुलीने ‘मला काही बोलायचे नाही’ म्हटले, त्यामागे नुसते दुखावलेपण असेल असे मला वाटत नाही. भांडायला उभे राहिलो तर ‘बघा, इथे राहून वर तोंड करतात’ हेच ऐकावे लागते, हा हिशेबही असेल.

पण स्थलांतरितांना सोवळे ठरवायला मी तयार नाही. आमच्या आपापसांतील बैठकांत, आपल्या भाषेत, नंतर आलेल्यांबद्दल जे बोलले जाते ते तुमच्या ज्येष्ठ सभासदांना लाजवील असे असते. आम्ही रीतसर आलो, हे घुसले. आम्ही कष्ट केले, हे फुकट खातात. हे काही नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत आयरिश कॅथलिकांविरुद्ध अख्खा राजकीय पक्ष उभा राहिला होता. त्यानंतर पुरती तीस वर्षेही झाली नव्हती, तोच कॅलिफोर्नियात १८७७ मध्ये ‘चिन्यांना हाकला’ म्हणून रान पेटवणाऱ्या कामगार पक्षाचा पुढारी होता डेनिस कर्नी, आणि तो आयर्लंडमध्ये जन्मलेला होता! १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. आत शिरल्यावर मागून दार लावून घेणारा माणूस कोणत्याही एका वंशाचा नसतो.

आमच्याकडून मागायची आणखी एक गोष्ट आहे. जो देश मला माझ्या श्रद्धेसह राहू देतो, तिथे त्या श्रद्धेची टिंगल करण्याचा हक्कही दुसऱ्याला असतो, आणि हे आमच्यातील अनेकांना जड जाते. पॅरिसमध्ये ७ जानेवारी २०१५ रोजी ‘शार्ली एब्दो’ या व्यंग्यसाप्ताहिकावर हल्ला करून, व्यंग्यचित्रांचा सूड म्हणून १२ जणांना मारण्यात आले. मृतांत त्या साप्ताहिकाचे मुद्रितशोधक मुस्तफा उर्राद होते, जे अल्जीरियात जन्मलेले होते, आणि अहमद मराबे हा अल्जीरियन वंशाचा पोलीस शिपाईही होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्य ही यजमान समाजाची खासगी मालमत्ता आहे आणि स्थलांतरित तिच्या पलीकडे उभे आहेत, असे चित्र रंगवणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी ही दोन नावे विसरू नयेत.

आडवाट

सर्वांचे आभार. उलटतपासणी यांना एक विचारतो. पुरावा मागावा हे मान्य, पण पुराव्याने अशी मते बदलतात का? आमच्या बैठकीत कोणीतरी गुन्हेगारीची अधिकृत आकडेवारी वाचून दाखवली, तर ते सभासद म्हणाले की, आकडे तर सरकारचेच आहेत.

निरीक्षक

या प्रश्नावर बराच अभ्यास झालेला आहे आणि तो पुरावाप्रेमी लोकांना नाउमेद करणारा आहे. आलेसिना, मियानो आणि स्टांचेवा या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिका आणि युरोपातील पाच अशा सहा देशांत मोठी पाहणी केली. स्थलांतरितांचे लोकसंख्येतील प्रमाण लोकांना प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त वाटते, असे सहाही देशांत आढळले. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे: खरे प्रमाण सांगितल्यानेही कल्याणकारी योजनांबद्दलची मते हलली नाहीत. एका कष्टाळू स्थलांतरिताच्या दिनक्रमाची हकीकत सांगितल्यावर थोडाफार फरक पडला.

भीती आणि प्रत्यक्ष संख्या यांचा संबंध किती सैल असतो, याचे उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंड. तिथे नोव्हेंबर २००९ मध्ये ५७.५ टक्के मतांनी नवे मिनार बांधण्यावर बंदी घालण्यात आली. तेव्हा संपूर्ण देशात मिनार होते चार.

मग मते बदलतात कशाने? गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली असे मांडले की, प्रत्यक्ष सहवासाने पूर्वग्रह कमी होतो, पण त्याला अटी आहेत. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी सहकार्य लागले पाहिजे आणि संस्थेचा या सहवासाला उघड पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५०० हून अधिक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेऊन २००६ साली दाखवले की सहवासाने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतो, आणि सर्व अटी पुऱ्या झाल्या नाहीत तरी काहीसा घटतोच. म्हणून माझी सूचना अशी की, घरवाटपाच्या प्रतीक्षायादीवर एक टिपण तयार करण्याचे काम त्या दोघांना मिळून द्यावे. समोरासमोर बसवून वाद घालायला लावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

परदेशस्थ

निरीक्षक, क्षमा असावी, पण हे काम त्या मुलीने का करावे? दर वेळी अपमान करणाऱ्याला सुधारण्याची जबाबदारी अपमान झालेल्यावरच येते. तिला विचारा, ती स्वखुशीने तयार असेल तर उत्तम. नसेल तर त्या ज्येष्ठांसोबत टिपण लिहायला कार्यकारिणीतील दुसरे कोणीतरी बसू शकते. ऑलपोर्ट यांची समान दर्जाची अट तुम्हीच वर लिहिली आहे. ज्याला खोलीतून हाकलण्याची भाषा झाली आणि ज्याने ती केली, त्यांचा दर्जा त्या क्षणी तरी समान नाही.

तळटीप

उलटतपासणी यांनी स्ट्रायशरचा दाखला दिला, तेव्हा दुसऱ्या बाजूचाही एक ठेवतो. रवांडातील राजकारणी लेओं म्युगेसेरा याने नोव्हेंबर १९९२ मधील भाषणात, तिथल्या अल्पसंख्य समाजातले तुत्सी हे इथियोपियातून आलेले उपरे आहेत आणि त्यांना नदीमार्गे तिकडे परत धाडले पाहिजे, अशा आशयाची भाषा केली होती. त्या शतकानुशतके तिथेच राहणाऱ्या लोकांना आधी ‘बाहेरचे’ ठरवले गेले, मग १९९३ साली सुरू झालेल्या एका रेडिओ केंद्राने त्यांना झुरळे म्हटले, आणि १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आठ लाखांवर माणसे मारली गेली. त्या नदीतून प्रेते वाहत गेली. म्युगेसेरा मात्र स्वतः कॅनडात स्थलांतरित म्हणून स्थिरावला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्याची हद्दपारी ग्राह्य ठरवली, ती प्रत्यक्षात आली २०१२ मध्ये.

तुमचे सभासद म्युगेसेरा नव्हेत, हे सांगायला नको. पण कोण ‘इथला’ हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याने परस्पर घेतला, तर जन्माने इथले असणेही पुरेसे राहत नाही. म्हणून मी घरांच्या वादाला मोकळे रान देईन आणि हकालपट्टीच्या भाषेला तिथल्या तिथे अटकाव करीन.

आडवाट

या चर्चेच्या आधारे कार्यकारिणीपुढे ठेवण्यासाठी मसुदा तयार केला आहे. स्थलांतरासह कोणताही विषय वर्ज्य असणार नाही. धोरण, कायदा, धर्म, चालीरीती आणि विचार यांवर कितीही कडक टीका करता येईल. उपस्थित सभासदांचा किंवा ते ज्या समूहातून आले त्या समूहाचा तिथे असण्याचाच हक्क नाकारणारे विधान अध्यक्ष थांबवतील. वस्तुस्थितीबद्दलच्या विधानाला कोणीही आधार मागू शकेल आणि तो पुढच्या बैठकीपर्यंत द्यावा लागेल. हे बंधन मूळच्या सभासदांनाही आणि नंतर आलेल्यांनाही सारखेच असेल. वारंवार उल्लंघन झाल्यास अध्यक्ष सभासदत्व स्थगित करू शकतील.

उलटतपासणी

शेवटचे वाक्य सोडून बाकी मला मान्य आहे, यात रोगराईचा पुरावा मागण्याची सोय झाली हे विशेष. विधान थांबवण्याचा अधिकार अध्यक्षांना जरूर द्या, कारण सभा चालू असताना कोणीतरी तत्काळ निर्णय घ्यावाच लागतो. माणूस काढण्याला मात्र तशी घाई नसते. जर्मनीने २०१७ साली समाजमाध्यमांसाठी केलेल्या कायद्यात उघडउघड बेकायदा मजकूर २४ तासांत काढण्याचे बंधन आणि ५ कोटी युरोपर्यंतचा दंड होता. दंडाच्या भीतीने कंपन्या कायदेशीर मजकूरही उडवतील, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, कारण मजकूर ठेवल्याबद्दल शिक्षा होती आणि नाहक काढल्याबद्दल नव्हती. तुमच्या मसुद्यातही अध्यक्षांवर बोट ठेवले जाईल ते ढिलाईबद्दल. अतिरेकाबद्दल त्यांना जाब विचारण्याची तरतूद कुठेच नाही. स्थगितीचा अधिकार पूर्ण कार्यकारिणीकडे असावा, संबंधित सभासदाचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, कारणे लेखी द्यावीत आणि सर्वसाधारण सभेकडे दाद मागता यावी. एवढे बदल केलेत तर त्या ज्येष्ठ सभासदांनाही मसुद्यावर मत देता येईल, आणि ते विरोधात गेले तरी ते मोजले जावे.